माळ, माशाचं तेल आणि मेंदूतली गाठ

पत्र असं आहे:

"डॉक्टरताई, नमस्कार. फलटण तालुक्यातून लिहितेय. आमच्या मालकांचं वय ५२. मागच्या महिन्यात पुण्यात त्यांच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४ आलंय. येत्या सोमवारपासून लाईट (रेडिएशन) चालू होणार, तीस वेळा, आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या, म्हणजे केमोच्या, गोळ्या. आमचा पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यानं वाचलं की काही फॅटी अ‍ॅसिड दिली तर गाठीच्या पेशी रेडिएशनला लवकर मरतात. त्यानं माशाच्या तेलाच्या चार बाटल्या आणि प्रिमरोज का कायशा तेलाच्या दोन आणून ठेवल्यात. पण मालक माळकरी आहेत, चोवीस वर्षं झाली. ते हात लावायला तयार नाहीत. जाऊबाई म्हणतात, कॅप्सूल फोडून आमटीत टाक, त्यांना काय कळतंय! नाही दिलं आणि काही झालं तर मी दोषी, दिलं तर मी पापी. रात्र रात्र डोळा लागत नाही. माशाऐवजी जवसाचं तेल चालेल का? तुम्ही सगळी नोकरी रेडिएशनमध्येच केलीत म्हणून विचारते."

ताई, आधी आमटीचं बोलू. टाकू नका. माशाचं तेल आमटीत लपत नाही. फोडणी कितीही खमंग घाला, पहिल्या भुरक्याला कळेल, आणि नाहीच कळलं तर तासाभराने ढेकर सांगेल. मग ज्या माणसाच्या डोक्याचे टाके अजून ओले आहेत, त्याचा घरच्या ताटावरचाच भरवसा उडेल. पुढचे सहा आठवडे तो जेवला पाहिजे, हे मला त्या सहा बाटल्यांपेक्षा फार मोलाचं वाटतं. शिवाय ज्यासाठी तुम्ही हे पाप पदरात घ्यायला निघालात, ते त्या बाटलीत नाहीच.

तरी पुतण्याला वेड्यात काढू नका. पोरानं वाचलं ते खरं आहे. फक्त जे वाचलं ते काचेच्या बशीतलं आहे आणि आपला माणूस बशीत नाही. हे नीट सांगते, कारण नुसतं "नको" म्हटलं की माणसं गुपचूप देतात, हे मी पाहिलंय.

तुम्ही जवसाची चटणी करता. आठ दिवसांनी डब्याचं झाकण उघडलं की वास बदललेला असतो. आपण म्हणतो खवट झाली. खोबरेल मात्र महिनोन् महिने टिकतं. फरक तेलाच्या घडणीत आहे. खोबऱ्याच्या चरबीचे बहुतेक दुवे भरलेले, पक्के. जवसाच्या तेलात मात्र दुहेरी जोड पुष्कळ, आणि प्राणवायू नेमका त्या जोडांशी झोंबतो. शेंगदाण्याच्या तेलातल्या ओलेइक आम्लात असा एक जोड असतो, करडई-सूर्यफुलातल्या लिनोलेइकमध्ये दोन. तुमच्या त्या प्रिमरोज तेलातल्या गॅमा-लिनोलेनिक आम्लात तीन, आणि माशातल्या डीएचए नावाच्या आम्लात तब्बल सहा. जितके जोड जास्त, तितकं तेल लवकर खवट.

प्रत्येक पेशीचं आवरण अशाच चरबीचं असतं. किरण शिरले की पेशीतल्या पाण्यातून फ्री रॅडिकल नावाचे उनाड कण तयार होतात. त्यांचा मुख्य मार डीएनएवर बसतो, आणि गाठ मरते ती प्रामुख्याने त्यामुळे. पण काही कण आवरणाला भिडतात आणि तिथली चरबी खवट करतात. लोखंडी कढईत राहिलेलं तेल लवकर खवट होतं ना? पेशीतही लोह असतं आणि ते आगीत तूप ओततं. खवटपणा हाताबाहेर गेला की पेशी मरते. या मरणाला २०१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी फेरोप्टोसिस असं नाव दिलं. किरणोपचारातल्या पेशीमृत्यूत याचाही वाटा असतो, हे नंतरच्या कामातून पुढे आलं.

मग कल्पना सरळ आहे. गाठीच्या पेशीच्या आवरणात आधीच लवकर खवट होणारं तेल भरून ठेवलं तर तेवढ्याच किरणांत जास्त पेशी मरतील का? १९९७ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून यावर एक शोधनिबंध आला. त्याच्या लेखकांत पहिलंच आडनाव वर्तक आहे. ते वाचून मी उगाचच सुखावले होते. त्यांनी उंदराच्या मेंदूतल्या गाठीच्या पेशी बशीत वाढवल्या, त्यांना गॅमा-लिनोलेनिक आम्ल पाजलं आणि मग किरण दिले. पेशी जास्त मेल्या. २०१४ साली हंगेरीतल्या सेगेदच्या गटाने माणसाच्या ग्लिओमाच्या, म्हणजे याच कुळातल्या मेंदूच्या गाठीच्या, पेशींवर अ‍ॅराकिडोनिक, गॅमा-लिनोलेनिक आणि डीएचए ही तिन्ही आम्लं किरणांच्या जोडीने वापरून पाहिली, आणि त्यांनाही परिणाम दिसला. पुतण्याने वाचलं ते यातलंच काही असणार.

आता बशी आणि ताट यांतलं अंतर बघा. बशीतल्या पेशीला पोट नसतं, पित्त नसतं, यकृत नसतं. तेल थेट तिच्या अंगावर ओतलेलं असतं, मोजून, आणि किती तास आधी हेही ठरवून. दादांनी, म्हणजे तुमच्या मालकांनी, गिळलेली कॅप्सूल आधी आतड्यात फुटणार. मग ते तेल रक्तात वाटलं जाणार, थोडं यकृतात, थोडं स्नायूंत, बरंचसं पोटावरच्या चरबीत. मेंदू तर दारावर पहारेकरी बसवून आहे. रक्तातला डीएचए आत घेण्यासाठी तिथे एक खास वाहक असतो, हे २०१४ मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्या दारातून रोज घोट घोटच आत जातो. गाठीच्या आसपास हा पहारा काही ठिकाणी ढिला पडलेला असतो, हे खरं. पण म्हणून गिळलेलं तेल हव्या त्या दिवशी, हव्या तेवढ्या मापाने तिथे पोचतं, असं नाही.

हे ज्यांना कळत होतं त्यांनी काय केलं, ते आपल्या शेजारच्याच राज्यात बघायला मिळतं. १९९० च्या दशकात हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये काही ग्लिओमाच्या रुग्णांना गॅमा-लिनोलेनिक आम्ल थेट गाठीच्या जागेत दिलं गेलं. तोंडाने दिलं नाही, ही गोष्ट पुतण्याला मुद्दाम सांगा. स्कॅनवर गाठ आकसलेली दिसली, मोठा त्रास झाला नाही, असं त्यांनी लिहिलं. पण रुग्ण मोजके होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यानंतर तीसेक वर्षं गेली, तरी ते नेहमीच्या उपचारात आलेलं नाही.

दादांना जे मिळणार आहे त्याची गोष्ट वेगळी आहे. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, तीस बैठका, मिळून बहुधा ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), आणि सोबत टेमोझोलोमाइड. ही पद्धत २००५ साली एका मोठ्या चाचणीत शेकडो रुग्णांचे दोन गट करून पारखली गेली, आणि नुसत्या किरणांपेक्षा सरस ठरली म्हणून जगभर रूढ झाली. पुढे काय, किती दिवस, हे तुम्ही पत्रात विचारलेलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. ज्या दिवशी विचारावंसं वाटेल त्या दिवशी दादांच्या डॉक्टरांना विचारा. त्यांच्यासमोर सगळे रिपोर्ट असतात, माझ्यासमोर एक पत्र आहे.

आता जरा उलटी बाजू, जी अशा बातम्यांत सहसा नसते. चरबी गाठीची वैरीण आहे, तशी ती तिची शिदोरीही आहे. ग्लिओब्लास्टोमाच्या पेशी आपल्या पोटात चरबीचे बारीक थेंब साठवून ठेवतात. २०२२ मधल्या एका अमेरिकी शोधनिबंधात दिसलं की किरणांना दाद न देणाऱ्या पेशी चरबी जाळूनच आपली ताकद मिळवतात, आणि त्याच जोरावर शरीराच्या पहारेकरी पेशींनाही चकवतात. तिथे संशोधकांनी चरबी वाढवली नाही, तर ती जाळायचा रस्ता बंद करून पाहिला. म्हणजे एका प्रयोगशाळेत तेल पाजतात, दुसरीत तेलाची चूल विझवतात, आणि दोन्हीकडे हेतू एकच. अशा वेळी आपण घरात बसून चमच्याने कोणत्या बाजूला माप टाकणार? बशीत तर ओलेइक आम्ल पेशीला या खवट मरणापासून वाचवतं असंही दिसलंय. आता हे वाचून कुणी शेंगदाणा तेल बंद केलं तर मी डोक्याला हात लावीन.

बाटलीचं लेबल वाचलंत का? नसेल तर चष्मा लावून वाचा. साध्या हजार मिलिग्रॅमच्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० मिलिग्रॅम ईपीए (माशातलंच दुसरं ओमेगा-३) आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असतं, बाकी इतर चरबी. खाली बारीक अक्षरात जिलेटिन, ग्लिसरीन आणि टोकोफेरॉल असं सापडेल. टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व. तेल खवट होऊ नये म्हणून ते घालतात. गंमत बघा, खवट व्हावं म्हणून जे तेल द्यायचं, त्यातच खवट न होण्याचं औषध! आयोवाच्या त्या प्रयोगातही पेशींना ई जीवनसत्त्व दिल्यावर तेलाचा परिणाम पुसला गेला होता. कॅप्सूलमधली मात्रा चिमूटभर असते, तिने किरणोपचार बिघडतो असं मी म्हणणार नाही. पण "ताकदीसाठी" म्हणून वेगळ्या मोठ्या गोळ्या कुणी आणून दिल्या तर त्या नकोत. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर हे पाहिलं गेलं. रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व, सुरुवातीला बीटा-कॅरोटीनही. किरणांचा त्रास कमी झाला, पण ई घेणाऱ्यांत पुढच्या काळात मृत्यू जास्त झाले. तो आजार वेगळा होता, पण एवढ्यावरूनच मी किरणोपचार चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे असा खवटपणा रोखणाऱ्या गोळ्यांच्या, डब्यांना दारातूनच परत पाठवते.

माशाच्या तेलाचंही एक ऐका. नेदरलँड्सच्या डॉक्टरांना २०११ मध्ये उंदरांत आढळलं की एका विशिष्ट फॅटी अ‍ॅसिडमुळे सिसप्लॅटिनसारखी केमो निष्प्रभ होते, आणि ते आम्ल माशाच्या तेलातही असतं. २०१५ मध्ये त्यांनी निरोगी माणसांना माशाचं तेल आणि मासे देऊन दाखवलं की ते रक्तात चढतं. दादांची गोळी त्या जातीची नाही. तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण "नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार" हे वाक्य तुमच्या घरात कुणी पुन्हा उच्चारलं तर त्याला ही गोष्ट ऐकवा. शिवाय टेमोझोलोमाइडने रक्तातल्या प्लेटलेट उतरू शकतात, आणि माशाचं तेल भरपूर घेतलं तर रक्त गोठण्यावर थोडा परिणाम होऊ शकतो. नुकतंच डोकं उघडलेल्या माणसात हे दोन्ही एकत्र नकोत.

आणि माळेचं म्हणाल, तर त्या कॅप्सूलचं वरचं कवचच जिलेटिनचं असतं, म्हणजे बहुतेक वेळा जनावराच्या हाडाचं नाहीतर कातडीचं. प्रिमरोजचं तेल फुलाच्या बियांचं असलं तरी कवच तेच असू शकतं. तेव्हा दादांनी हात आखडला तो योग्यच आखडला. उपचारासाठी खरंच माळेच्या आड येणारं काही लागलं असतं, तर मी तुम्हाला तसं स्पष्ट लिहिलं असतं, आणि बुवांना भेटून मार्ग काढा म्हटलं असतं. इथे तशी वेळ नाही. चोवीस वर्षांची माळ या बाटल्यांसाठी पणाला लावण्याइतकं त्यांत काही नाही.

माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकरी गृहस्थांनी मला बाहेरच्या एका तेलाबद्दल विचारलं होतं. ओपीडीत गर्दी होती. मी मान वर न करता "काही उपयोग नाही त्याचा" म्हणून पुढचा केसपेपर ओढला. ते घेतच राहिले, फक्त मला सांगायचं बंद झाले. पाचव्या आठवड्यात जुलाबाने हैराण होऊन आले तेव्हा त्यांच्या बायकोने भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेली अर्धी बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. काहीच बोलली नाही. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत विचारते, घरी अजून काय काय चालू आहे ते सगळं सांगा, मी रागावणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा. पिशवीत बाटल्या घालून न्या आणि दाखवा.

आता जवस. चटणी द्या, खुशाल द्या. आपलं अन्न आहे ते. एक लक्षात ठेवा, जवसातलं ओमेगा-३ आणि माशातलं ओमेगा-३ एक नव्हे. जवसातल्याचा डीएचए करायचा तर शरीराला बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात, आणि वरपर्यंत अगदी थोडं पोचतं. म्हणून जवसाचं तेल औषधासारखं वाटीने पाजू नका, गाठीवर त्याने काही होणार नाही, पोट मात्र बिघडेल. चटणी थोडी थोडी कुटा, म्हणजे ताजी राहील. ऑन्डान्सेट्रॉनने, म्हणजे उलटीच्या गोळीने, बद्धकोष्ठ होतं. तिथे जवसाचा आणि पाण्याचा खरा उपयोग होईल.

सोमवारपासूनचं थोडं सांगते, कारण ते तुमच्या हातात आहे. टेमोझोलोमाइड रिकाम्या पोटी, आधी उलटीची गोळी, मग अर्ध्या-एक तासाने ही. वेळ कोणती, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेली पाळा. कॅप्सूल फोडायची नाही, तुम्हीही तिच्या आतल्या भुकटीला हात लावू नका. मेंदूची सूज उतरायला डेक्सामेथासोन चालू असेल तर ती मात्र खाल्ल्यावर आणि शक्यतो सकाळी, नाहीतर रात्रभर टक्क जागे राहतील. तिने भूक खवळते, साखर चढते, तोंड सुजतं. त्यांच्या तोंडावर बसवण्यासाठी जाळीचा जो मुखवटा केलाय, गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्याच्या मापाचा, तो तोंड सुजलं की दाटायला लागतो. दादा सोसत पडून राहतील, तुम्ही मात्र तिथल्या टेक्नॉलॉजिस्टना सांगा, ते बघतील. डोक्याला तेल लावायचं नाही, खोबरेलही नाही, विचारल्याशिवाय. एवढ्या तेलाच्या चर्चेत हे मात्र कुणी विचारत नाही. ज्या भागातून किरण जातात तिथले केस दोन-तीन आठवड्यांत गळतील, उशीवर दिसतील. आधी सांगून ठेवा, म्हणजे सकाळी दचकणार नाहीत.

सहा आठवड्यांत तीनेक एकादश्या येतील. माळकऱ्याला एकादशी सोडा म्हणायला जीभ धजत नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. पण निर्जळी नको. साबुदाणा आणि बटाटा दोन्ही साखर चढवणारे. त्यापेक्षा भगर, दाण्याची आमटी, ताक, थोडी फळं, आणि गोळ्या ज्या त्या वेळी. दादांना म्हणावं, पालखी फलटणला येते तेव्हा वारकऱ्यांच्या पायाच्या फोडांना मलम लावतातच ना, तशी ही गोळी. तेवढं ते ऐकतील असं मला पत्रावरून वाटतं.

दर आठवड्याचा रक्त तपास चुकवू नका. ताप आला, अंगावर लाल ठिपके किंवा निळे डाग उठले, फीट आली, डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या किंवा माणूस सुस्तावून पडला, तर सकाळची वाट बघू नका.

पुतण्याच्या हाताला काम द्या. हुशार आहे, वाचतो, आणि काकांसाठी काहीतरी करायची त्याला घाई झालीय. त्याला म्हणावं, सीटीआरआय म्हणजे देशातल्या औषधी चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, २००७ पासूनची, कुणालाही उघडता येते. त्यात ग्लिओब्लास्टोमा शोध, कुठे भरती चालू आहे ते लिहून काढ आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेव. चाचणीत शिरायचं तर मराठीत लिहिलेलं संमतीपत्र मिळतं, प्रश्न विचारता येतात, मधेच बाहेर पडता येतं. फॅटी अ‍ॅसिडचा उपयोग पुढे कधी सिद्ध झाला तर तो अशाच वाटेने होईल. मग तो थेंब कुणी आमटीत टाकायचा नसेल, डॉक्टर मोजून देतील.

खर्चाचंही विचारा. रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतो. रुग्णालयात योजनेचे आरोग्यमित्र बसतात, त्यांना सोमवारी आधी गाठा.

जाऊबाईंवर रागावू नका, त्या घाबरलेल्या आहेत. आणि बाटल्यांचं सील अजून फोडलेलं नसेल तर तशाच राहू द्या. पावती पुतण्याकडे असेल. त्याला म्हणावं, शनिवारी येताना दुकानदाराला विचार, परत घेतोय का.